उजवीकडे हवा

माथारपाखाडीत फिलूबाईंचा जिना बाहेरून उतरतो.
उतरताना डावीकडे कठडा आहे,
उजवीकडे हवा.
गेल्या ईस्टरला पडल्या, तेव्हापासून
डावा हात खांद्याशीच अडतो.
म्हणून अर्ज. चार प्रती, सात फोटो,
आणि माझा नकाशा, एकास पन्नास,
नवा कठडा तांबड्या शाईत.

"बाह्य स्वरूपात बदल," साहेब म्हणाले. "मूळचं दाखवा."

मूळचं सापडलं बिस्किटांच्या डब्यात:
कुणाच्या तरी नव्या सायकलीचा फोटो.
सायकल लख्ख, माणूस अर्धा कापलेला,
मागे जिना,
आणि उजव्या अंगाला, वरच्या खांबापासून लोंबणारा
एक दोर.

फिलूबाईंना भिंग लागलं नाही.
"पप्पांचा. गोदीतून आणलेला.
पगाराच्या रात्री
एका कठड्यानं त्यांचं भागत नसे."

सोळा महिन्यांनी पत्र आलं.
कठडा नामंजूर. दोरास हरकत नाही.
काथ्याचा असावा, जाडी फोटोप्रमाणे.

काल बांधला. माझी गाठ दोनदा सुटली,
तिसरी त्यांनीच मारली, उजव्या हातानं आणि दातांनी.
मग पिशवी काखेत धरून
बोटीवरून धक्क्यावर यावं तशा उतरल्या,
दर पायरीला दोर करकरत होता.

शेवटच्या पायरीवर थांबल्या, माझ्याकडे वळल्या:
"पप्पा पीत नसते,
तर तू त्या लोकांना काय दाखवलं असतंस रे?"