बेरजेचा रकाना

उदगीरच्या मोंढ्यात सोयाबीनचा सौदा सुटला
की माझ्या खोलीतल्या पाच डिस्का कुरकुरायला लागतात.
आज नुसत्या कण्हतायत.
खिडकीत मुकादम चाँदपाशा, भुवयांवर भुसा:
"म्याडम, कवाचा काटा झालाय, पट्टी कामून येईना?"

कसं सांगू,
की एक आकडा बदलायचा तर
आधी जुना आकडा वाचायचा,
मग जुनी बेरीज वाचायची,
मग नवा आकडा, मग नवी बेरीज.
एका पोत्याला चार हेलपाटे.
तुझा हमाल हमाली वाढवून मागेल.
डिस्क मागत नाही, फक्त उशीर करते.

शिवलिंगअप्पांना कळलं असतं.
त्यांच्या लाल वहीत शेवटचा रकाना बेरजेचा.
खाडाखोड झाली की चष्मा कपाळावरून खाली,
जुना वजा, नवा जमा,
दोन्हीकडं सही.
"चारदा हात चालतो, पर एक रकाना गेला तरी माल जात न्हाई."
आणि एका साली वाळवीनं चौथा रकाना खाल्ला, तेव्हा
अप्पांनी बेरजेतून बाकीचे वजा करत
रेवणसिद्ध बिरादाराची करडई परत उभी केली,
सात क्विंटल बत्तीस किलो,
किलोचाही फरक नाही.

एकीसारखी दुसरी, अशा दोन वह्या मागितल्या होत्या मी.
दोनच हात, लगेच मोकळे.
"निम्मं कपाट नकलेलाच?" म्हणत
संचालकांनी चहा संपवला.

एरवी झाकून जातं हे.
कंट्रोलरवरची बोटाएवढी बॅटरी असते, तिच्या भरवशावर
पावत्या ओच्यात राहतात,
आख्खी ओळ भरली की एकदम ओतल्या जातात.
सगळी ओळच नवी, मग जुनं कुणाला विचारायचं?
आज सकाळी ती फुगलेली निघाली, तळलेल्या पापडासारखी.
नवी हैदराबादहून येणार. सोमवारी.

एक सेटिंग आहे: बॅटरी नसली तरी धर.
एक टिचकी, की मोंढा पळेल.
पण एकच्या सुमाराला लाईट जाते, रोजची.
ओच्यातलं सांडेल, ते एकवेळ दिसेल तरी.
न दिसणारं वेगळंच:
आकडा नवा, बेरीज जुनी, आणि मधेच अंधार.
वर्षभरानं एखादी डिस्क मरेल
आणि उरलेल्या चौघी मिळून
अगदी ठामपणे
कुणाच्या तरी नावावर खोटं वजन सांगतील.

टिचकी मारली नाही.
ड्रॉवरमधून छापील पट्ट्यांचं जुनं बुक काढलं, कार्बन घातला,
वरची प्रत चाँदपाशाच्या हातात, खालची माझ्या मांडीवर.
चाळीस झाल्या की एकदम भरीन.

एक वाजून चार मिनिटं.
पंखा थांबला.
पाची जणी गप्प.
मांडीवर एकोणचाळीस.
"लिहा की," चाँदपाशा बाहेरून म्हणाला, "उजेड हाय अजून खिडकीत."