ताणकाटा

सासऱ्यांच्या रद्दीच्या दुकानातून
आमच्या वाटणीला आला तो एवढाच:
दहा किलोचा ताणकाटा, पितळी तोंडाचा,
वर कडी, खाली आकडा.

गेल्या चैत्रापासून तो धुण्याच्या खिडकीत टांगलाय.
रात्री ओटा पुसून झाला
की कचऱ्याची पिशवी त्याला अडकवते, चष्मा लावते,
आणि दिनदर्शिकेत, दुधाचा हिशेब लिहायच्या चौकोनात
लिहून ठेवते: एक किलो सहाशे.
हे म्हणतात, पोरांचं वजनही कधी असं घेतलं नव्हतंस.

खोड लागली ती वाऱ्यामुळे.
मुलुंड पूर्वेला चौथा मजला आमचा.
खाडीकडून वारा सुटला की देवापुढची उदबत्ती हरते.
वर्षानुवर्षं नाकाला पदर लावून
महापालिकेला शिव्या घातल्या.
एका रात्री त्या वासात मला स्पष्ट ओळखू आली
परवाची, मीच टाकलेली शेपूची भाजी.
खोटं असेल.
पण आपल्या हातची फोडणी बाई ओळखतेच.

फणस फोडला त्या रविवारी पाच किलो चारशे,
तेही आठळ्या ठेवून घेऊन.
नातवाच्या वाढदिवसाला थर्माकोल घरभर,
आणि काटा जागचा हलेना.
काही वस्तूंना वजनच नसतं, नुसती जागा लागते.

मग दुधीच्या सालींची चटणी झाली.
चहाचा चोथा कढीपत्त्याला.
दुधाच्या पिशव्या धुऊन नळावर उलट्या,
वटवाघळांसारख्या.
पापलेटाला स्टीलचा डबा घेऊन गेले,
तर हिरू कोळीण म्हणाली,
डबा आणलास, बरा केलास गो बाय,
पन माजा बरफ कशान येतंय, ता पन इचार एकदा.
विचारलं नाही. थर्माकोलची पेटी समोरच होती.

दिवाळीपर्यंत चारशे वीस ग्रॅमवर आणलं.
पितळे सेक्रेटरींनी फळ्यावर माझं नाव लिहिलं,
शुद्धलेखनाच्या दोन चुकांसह.
मी ते शेवंताला दाखवलं,
जिच्या हाती रोज सकाळी ही पिशवी जाते.
ती हसली.
विचारलं, तुझ्या घरी किती निघतो गं?

आमच्याकडं कुठला निघतोय, ताई?
घड्याळ तुमच्या सी विंगचं,
खुर्ची सहाव्या मजल्याची, एक हात नाही,
पोरीचं दप्तर कुणाचं ते ठाऊक नाही, चेन नवी लावली.
आमच्याकडं कचरा राहायला येतो. जात न्हाई.

मग म्हणाली, बघू तुमचा काटा.

जिन्याखाली तिचं पोतं उभं होतं,
आमच्या एकाच इमारतीचं, एका सकाळचं.
वॉचमनच्या खोलीबाहेरच्या हुकाला काटा लावला.
दोघींनी मिळून पोतं उचललं.
माझ्या कोपरावरून कसलंसं पाणी ओघळलं.
काटा सरसरत गेला, दहावर टेकला
आणि तिथेच थरथरत राहिला.
पुढे आकडे नव्हतेच.

झालं? तिनं विचारलं.
झालं, म्हटलं.
पोतं डोक्यावर घेऊन ती पुढच्या इमारतीकडे गेली.
मी कोपर तीनदा साबणानं धुतलं.
हेही लिहायला हवं.

त्या दिवसापासून रिकामा टांगला तरी
काटा शून्यावर येत नाही.
तीनशे ग्रॅम दाखवतो. कशाचे, सांगत नाही.
सासरे काटा मारतात, असं अख्खी गल्ली म्हणायची;
हा त्यांच्या माघारी
गिऱ्हाइकाच्या बाजूने मारू लागलाय की काय.

हे म्हणाले, सोपं आहे, रोज तेवढे वजा कर.

मी करत नाही.
काल दोघांचाही उपास होता.
पिशवी अडकवलीच नाही.
चष्मा लावला, दुधाच्या चौकोनात लिहिलं:
आज काही निघालं नाही.
तीनशे ग्रॅम.