एक अर्धा ज

पहिली पाटी तिसऱ्या दिवशी परत आली.
‘अ‍ॅड. उज्वला मर्दाने, बी.ए. एलएल.बी.’
सायकलच्या कॅरेजला सुतळीनं बांधून
स्वतःच घेऊन आली, बिंदू चौकामागं माझ्या टपरीत.
‘पेंटर, एक अर्धा ज कमी आहे.’
म्हटलं, वाचणाऱ्याला कळतंय की बाई.
‘कोर्टात अर्धं अक्षर कमी पडलं
तर माणूस सहा महिने जादा आत राहतो.’
दुसरी लिहून दिली. पैसे दोन्हींचे दिले तिनं,
चुकीची माझ्याकडंच सोडली.
‘ही तुमची.’

सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टात
तिच्या टेबलाच्या चौथ्या पायाखाली वीट होती.
पोटगीवाल्या बाया यायच्या,
फी म्हणून गुळाची ढेप.

मग धर्मादाय ऑफिस. सरकारी पाटी,
पदाला जागा ऐसपैस, नावाला चिमूटभर.
तालमींची दप्तरं उघडायला लावली तिनं.
एक वस्ताद म्हणाला, बाईमाणसाला हौद्यातलं काय कळतंय?
तिनं खर्चाच्या पानावर बोट ठेवलं:
‘मातीत ताक घातलंय, तेल घातलंय, ठीक.
पण सात वर्षं बिलावर तारीख एकच कशी?’
दुसऱ्या दिवशी वस्ताद माझ्याकडं,
तालमीच्या दारावर हिशेबाचा फलक लिहून घ्यायला.
त्याची उधारी अजून बाकी आहे.

बदली. परत बदली.
पाटी तीच, मी पद खरवडायचो, नाव राखायचो.
एकदा म्हणाली, ‘नाव खरवडून पद ठेवलंत तरी चालेल,
तिकडं तसंच बघतात.’
हसली नाही. मीपण नाही.

उद्यमनगरातल्या फौंड्रीची पाटी मी केलेली नाही.
सांगून ठेवतो, गावात उलटं बोलतात.
भाऊ गेला, बँकेची नोटीस गेटवर,
भट्टी अकरा दिवस थंड.
नोकरी सोडून आली तेव्हा
कामगार हाताची घडी घालून उभे.
भाषण नाही केलं. पगाराची वही आणली,
बाकड्यावर उघडी ठेवली. ‘वाचा.’
तिचं नाव शेवटच्या ओळीत,
आकड्याच्या जागी नुसती रेघ.
दोन वर्षांनी दिनकर पोवार मोल्डरनं
वाळूत साचा घालून बिडाची पाटी ओतली,
खडबडीत, कोपऱ्यात हवेचा फोड,
पण ज दोन्ही जागेवर.
मला हेवा वाटला.
बिडाला रंगाची गरजच नसते.

विद्यापीठानं बोलावलं तेव्हा विचारलं,
‘कुलगुरू’चं बाईसाठी काय लिहू?
‘कुलगुरूच. रू तेवढा दीर्घ काढा.
आधीच्यांच्या दारावर पाच वर्षं ऱ्हस्व होता,
कुणाला दिसला नाही.’

तिनंच फी वाढवली. पोरांनी मोर्चा काढला,
त्याचे फलकही मीच लिहिले, धंदा आहे.
गाडीतून उतरून एकेक वाचत गेली म्हणे.
संध्याकाळी फोन: ‘पेंटर, शुल्कातला ल अर्धा असतो.’
वाढ निम्मी मागं घेतली. निम्मी नाही.
माझ्या पुतणीनं ती भरली. त्यावर मी बोललो नाही कधी.

परवा आली, चालत, गुडघा धरून.
आता सगळं फ्लेक्सवर. माझ्याकडं तीन ब्रश उरलेत,
त्यातल्या एकाचे केस गळालेत.
‘घराला पाटी पाहिजे.’
कुठलं पद लिहू?
उत्तर नाही. टपरीभर बघत राहिली,
फळीमागं नजर थांबली.
दोनदा पुराचं पाणी चढून गेलेलं तिच्यावर,
तेलरंग तस्साच:
‘अ‍ॅड. उज्वला.’
‘ही केवढ्याला?’
पैसे तेव्हाच दिलेत की, म्हटलं.
बारीक ज वर बसवू का, जागा कमी आहे.
‘बसतोय का बघा,’ म्हणाली,
आणि स्टूल ओढून घेतलं,
चहा सांगायला मला लावून.