खरखर

खळदकरांनी चाळीस वर्षं
तापकीर गल्लीत बसून
लोकांच्या रेडिओतली खरखर काढली.

मी तीच मागायला गेलो.

जुन्या बाजारातले दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर
त्यांनी तळहातावर घेतले, फुंकर मारली.
"मे महिन्यात रुसतील हे. ऊन सोसत नाही यांना."
हिंगाच्या डब्याला भोकं पाडली,
डाख दिला;
राळेच्या धुरात जुना हिंग जागा झाला.

गिटार जोडली. पायानं खटका दाबला.
सूर उसवला,
कडेकडेनं करपत गेला
निखाऱ्यावरच्या पापडासारखा.

"असा सेट मी
गिऱ्हाइकाच्या हातात दिला नसता," म्हणाले.
चष्मा पुसला.
शेजारचा दिव्यांच्या माळा गुंडाळणारा पोरगा
डोकावून गेला.

मग खाली वाकून त्यांनीच
बटण आणखी थोडं पिळलं.

"हं. परत. तीच तार."