तेरावी फेरी

सगुण तारीने कादंबरी आणली
काजूच्या गोणपाटात गुंडाळून.
चारशे अकरा पानं, निळी शाई,
कडांना डिझेलचा वास.
तीस वर्षं फेरीबोटीचा दोर टाकला त्याने,
चोडण ते रायबंदर, रायबंदर ते चोडण.
निवृत्तीनंतर म्हणे झोपच येईना,
म्हणून दुसऱ्यांची लिहून काढली.

मी पणजीत, माळ्यावरच्या छापखान्यात मुद्रितं तपासते.
ऱ्हस्व, दीर्घ, अनुस्वार.
मालकांचा नियम एकच : मजकुराला हात लावायचा नाही.
मेलेला माणूस पुढच्या प्रकरणात चहा पीत बसला
तरी आपण फक्त ‘पीत’मधला ‘पी’ बघायचा.

कादंबरीतली बोट दिवसाला बाराच फेऱ्या करते
(खऱ्या बोटीच्या तेवढ्या सकाळी दहालाच होतात)
आणि रात्री एक, वेळापत्रकात नसलेली.
तिच्यात झोपलेली माणसं चढतात,
अनवाणी, उशी काखेत धरून.
चिपयांच्या मुळांतून कोल्हे बघत राहतात.
पलीकडे उतरला तो तिकडचाच होतो,
इकडच्या खाटेवर सकाळी जो उठतो
तो फक्त त्याच्यासारखा असतो,
चहात साखर थोडी जास्त घेतो.

पान अठ्ठ्याऐंशीवर ‘ओहटी’ होतं,
मी ‘ओहोटी’ केलं.
संध्याकाळी धक्क्यावर आले तर बोट चिखलात रुतलेली,
पाणी एका मात्रेइतकं जास्त मागे गेलेलं.
योगायोग, म्हटलं,
आणि चपला हातात घेतल्या.

मग पान दोनशे सात.
एक माणूस. डाव्या कानाची पाळी चिरलेली,
खिशात हात घालून नाणी वाजवणारा.
नाव दिलेलं नाही.

माझा भाऊ रामनाथ असाच नाणी वाजवायचा.
मुरगावहून तारवटी म्हणून गेला,
शेवटचं कार्ड रॉटरडॅमचं :
थंडी आहे, स्वेटर घेतला.
स्वेटर कसल्या रंगाचा असेल
यावर आईने पुढची अकरा वर्षं काढली.

सगुणला विचारलं, हा तुला कुठे भेटला?
त्याने चष्मा लावला, वाचलं, परत वाचलं.
“बाये, हें हांवें बरोवंक ना.”
जरा थांबून म्हणाला,
“पूण अक्षर म्हजेंच.”

वाक्य असं होतं :
तो तेराव्या फेरीत चढला.
पुढच्या परिच्छेदात कुणाचीतरी बकरी.
मी चारशे अकरापर्यंत बोट फिरवत गेले,
तो पुन्हा कुठेच नाही,
ना या काठाला, ना त्या.

त्या रात्री झोपले होते की नाही, सांगता येत नाही.
पंखा फिरत होता, मग तेच इंजिन झालं.
तळव्यांखाली लोखंड, गार आणि ओलसर.
काखेत माझीच उशी, पिवळ्या अभ्र्याची.
कानामागे लाल पेन्सिल,
ती काढायची राहून गेली असावी.
पाठीमागे कुणीतरी नाणी वाजवत होतं.

मी वळले नाही.
‘ती वळली’ असं
कुठल्याच पानावर लिहिलेलं नव्हतं.

सकाळी टेबलापाशी बसले तेव्हा
टाचांना खाजनातला चिखल, अर्धा वाळलेला.
मालक म्हणाले, आज लवकर?
मी दोनशे सात काढलं.
पेन्सिलला टोक केलं, उगाच, दोनदा.
त्या पूर्णविरामाला खाली एक शेपूट काढलं,
उंदराच्या पिल्लाएवढंही नाही.
तो तेराव्या फेरीत चढला,

मजकुराला हात लावलेला नाही, मालक.
विरामचिन्ह माझ्याच कामात येतं.

समासात शाई वाळायला लागते,
पेन्सिलीला तेवढाही वेळ लागत नाही.
खालच्या रस्त्यावर पोदेराचा भोंगा वाजत गेला.
गोकुळदासने नेहमीचा कप आणून ठेवला, नेहमीसारखा केलेला.
मी एक घोट घेतला
आणि साखरेची बरणी मागितली.