सात आणि आठच्या मध्ये

माझं काम जिभेचं.
लिवियो फोटो काढतो. मी रिळं भरते, उतरवते,
आणि संपलेल्या रिळाची कागदी पट्टी
जिभेवरून फिरवून चिकटवते.
त्यामुळे त्रिएस्तेतली सगळी बड्या घरची लग्नं
मला डिंकासारखी लागतात.
(केक नंतर. उरला तर.)

आजचं लग्न कॉफीच्या व्यापाऱ्यांकडचं.
टेकडीवर घर, खाली समुद्र,
बागेत लांबच लांब टेबलं,
आणि बोरा सुटलाच तर उडू नयेत म्हणून
चादरींच्या काठांत शिवलेले शिशाचे मणी.
वाऱ्याचासुद्धा बंदोबस्त.
नवरी नेविया. नवरा झ्वोनिमिर,
जहाजांचे विमे उतरवतो,
आणि हसताना वरचा ओठ दातांवर ओढून घेतो.

लिवियोच्या कॅमेऱ्यात वरून बघावं लागतं.
म्हणून तो सगळ्यांसमोर मान खाली घालतो,
विहिणीसमोर, पाद्रीबाबांसमोर,
शिंपल्यांचं ताट घेऊन थांबलेल्या पोऱ्यासमोर.
लोक म्हणतात, काय अदब आहे माणसाला!
तो आपला काचेत बघत असतो,
तिथे उजव्याचं डावं होतं,
नवरा भलत्याच बाजूने येतो
आणि तरी पोचतो तिच्याचपाशी.

एका रिळात बारा.
बारा म्हणजे किती थोडे, ते दुपारपर्यंत कळतं.
नवरीच्या मामाने खांद्यावरून डोकावून
"दाखवा की कसा आलाय" म्हटलं,
कॅमेरा उलटा करून पाहिला.
पाठीवर नुसतं कातडं,
अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत.
"येईल," लिवियो म्हणाला, "तीन आठवड्यांनी."
मामांनी मिशीवरून हात फिरवला,
कुणी आजारी असल्यासारखी मान हलवली.

चर्चला निघायच्या आधी,
मागच्या जिन्यात.
रीळ चौथं. सात झाले होते, वहीत लिहिलंय.
नेविया पायरीवर बसली होती, अनवाणी,
हस्तिदंती रेशीम गुडघ्यांच्या वर खोचलेलं,
गळ्याशी वाढप्याचा रुमाल,
हातात सार्डिनचा पाव.
पहाटेपासून पोटात काही नसावं.
खात होती भराभरा, मोठे घास.
आणि मग मध्येच
जबडा थांबला.
समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.
भिंतीवर काही नव्हतं,
जुन्या चित्राचा खिळा तेवढा.

मी प्रकाश मोजला, कुजबुजले:
"तीस. दोन-आठ."
लिवियोने श्वास रोखला.
(एकाहत्तराव्या वर्षी हात थरथरतात,
तिसाला तो श्वासावर कॅमेरा टेकवतो.)
मी वाट बघितली त्या बारीक टिचकीची.
किती वेळ, सांगता यायचं नाही.
घासाने जाग येऊन खाली उतरण्याइतका.

त्याने कॅमेऱ्याचं झाकण मिटलं,
आणि आम्ही दोघं आल्या पावली
उलटे वर चढलो, चोरांसारखे.

आठवा फोटो चर्चच्या दारातला.
तांदूळ हवेत, झ्वोनिमिरचा ओठ दातांवर,
नेविया इतकी देखणी
की पाद्रीबाबासुद्धा जरा बाजूला सरकलेत.

त्या रात्री अकरा पट्ट्या चाटल्या मी.
केक उरला नाही.

तीन आठवड्यांनी नेविया एकटीच आली.
एकेका रिळाचे बारा चौकोन, एकेका कागदावर.
भिंग घेऊन वाकली.
एक, दोन, मामा, मामा, विहीणबाई,
एका बाजूने बघितलेला सबंध दिवस.
चौथ्या कागदावर
सात आणि आठच्या मध्ये भिंग थांबलं.
तिथे काय असणार?
दोन फोटोंमध्ये असते ती काळी रेघ,
नखाएवढीसुद्धा रुंद नाही.
कागद कोरडा होता, तरी मी तो उगाच पुसला.

"त्या सार्डिन," ती म्हणाली,
भिंगातून डोळा न काढता,
"फार खारट होत्या."

लिवियोने मान खाली घातली.
गळ्यात कॅमेरा नव्हता.