निरंक

दर महिन्याच्या पाच तारखेला
मी वहीत एकच शब्द लिहिते.
गाडी अमुक, डबे बावीस.
रुळावरून घसरणे: निरंक.
टक्कर: निरंक. आग: निरंक.
प्रवासी मृत
(इथे मी पेन उचलून पुन्हा टेकवते,
सवय आहे, दुसरं काही नाही): निरंक.

भुसावळच्या कचेरीतला पंखा
कालचीच गरम हवा ढवळत राहतो.
साहेब म्हणतात, मोरेबाई, तुमचं टेबल सुखी,
काही घडलंच नाही, तर लिहायचं काय?

काय लिहायचं.

एका जानेवारीत, पहाटे पावणेचारला,
कजगाव आणि नगरदेवळ्याच्या मधे
माझे आबा, झुलाल गंगाराम मोरे, ट्रॅकमन, गस्तीवर होते.
थंडी अशी की केळीची पानं काळी पडलेली,
कानांना आईच्या लुगड्याची फाडलेली पट्टी.
थंडीत रूळ आखडतो, म्हाताऱ्या हाडासारखा.
सांध्यावर हातोडी पडली
की त्यानं टणकन ओ द्यायला हवी.
त्या रात्री तो बद्द वाजला,
चीर गेलेल्या माठासारखा.
आबा अजून सांगतात, "रूळ खोटा बोलना."

मग धावले. बाराशे मीटर, खडीवरून.
एका पायातला बूट कुठे गेला, कळलं नाही.
तीन फटाके बांधले, दहा-दहा मीटरवर,
पाढा म्हटल्यासारखे,
आणि लाल बत्ती धरून उभे राहिले.
हात इतका थरथरत होता
की बत्ती वेगळी हलवावी लागली नाही.

पाटण्याची डाऊन थांबली.
एक बाई दारात आली,
लेकराला शू करवून आत गेली.
कुणीतरी अंधाराला विचारलं, चहा मिळेल का.
एकानं तक्रारपुस्तक मागून घेतलं:
गाडी रानात विनाकारण सत्तर मिनिटं उभी केली.
ती तक्रार आमच्याकडे आहे. तिला आवक क्रमांक आहे.

आबांना पाचशे रुपये मिळाले,
आणि एक पत्र:
सरकारी बूट हरवल्याचा खुलासा सात दिवसांत करावा.

नोकरीला लागले तेव्हा
धूळ झटकून मी त्या महिन्याची वही काढली.
कुणाच्या तरी सुबक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात
शेवटपर्यंत: निरंक.

आता आबा कजगावला.
दोन वावरं सोडून रूळ जातो.
सलग जोडलाय, पूर्वीची खडखड उरली नाही,
तरी कूस न बदलता
ते गाडीचा पाय ओळखतात.

रविवारी फोन येतो.
माझ्या तब्येतीचं नंतर, आधी हे:
"तुनी गाडी आज टाइमवर शे का?"
चाळीस मिनिटं लेट, मी सांगते.
तिकडे जरा वेळ नुसती रातकिड्यांची किरकिर.
मग आबा, जवळजवळ खुशीत:
"ऱ्हाऊ दे. कोनी तरी काई आयकं व्हई."